सार

हे गावाचं नाव आहे, बहरीनमधल्या.
आमच्याकडे सार कोकमाचं असतं,
नाहीतर गोष्टीच्या शेवटी येतं ते.
इथे खजुराची बाग, टाइल्सचं दुकान, पंक्चरवाला,
आणि सौदीच्या पुलाकडे पळणाऱ्या रस्त्याला लागून
तारेच्या कुंपणात
चार हजार वर्षांपूर्वीची एक वस्ती.

शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही निघतो,
मी आणि सोवान. दोघेही मोजणीवाले,
आठवडाभर गटारांचे उतार काढतो.

फाटकाशी मकी. आधी थर्मासमधला चहा, मग कुलूप.
"कोणी येत नाही," तो म्हणतो.
तक्रार नसते ती.
घरात सगळे झोपलेत, असं सांगावं तसा सूर.

भिंती गुडघ्याएवढ्या.
घर म्हणजे एक खोली,
तिला कोपर वाकवून बिलगलेलं अंगण,
चूल, आणि चुन्याने लिंपलेली
रांजण ठेवायची खोलगट जागा.
पुढच्या घरात तीच. त्याच्या पुढच्यात तीच.
तहानेचा नमुना एकच मंजूर झाला असावा.

चौकात देऊळ.
सवयीने पावलांनी मोजलं:
समोरासमोरच्या भिंती जुळत नाहीत,
एकही कोपरा काटकोनात नाही.
आमच्या कंपनीने याचं बिल अडवलं असतं.
"गल्ली आधी होती," सोवान म्हणाला,
"देव मागाहून आला, उरल्या जागेत बसला."
आत तीन खांबांचे बुंधे, दोन वेद्या,
वेदीच्या पाठीला चंद्राची कोर.
किंवा बैलाची शिंगं.
देवाचं नाव मकीलाही ठाऊक नाही.

सोवानने चपला काढल्या.
त्याच्या गावामागे, डोंगराच्या पायथ्याशी,
म्हणे असाच एक प्रासात आहे.
काय आहे?
प्रासात.
प्रासाद, मी म्हणालो.
तो म्हणाला नोकोर, मी म्हणालो नगर.
तो म्हणाला फूम, मी म्हणालो भूमी.
एका साखळीची दोन टोकं धरून
आम्ही दोघे मधला समुद्र ताणत उभे.

तिकडे कोणी पाहुणा जात नाही.
लढाईतले सुरुंग होते, लाल कवटीच्या पाट्या होत्या;
वडाच्या मुळांनी दार कवेत घेतलंय, म्हणून ते उभं.
मूर्ती कोणीतरी घोट्यापासून कापून नेली.
पावलं राहिली.
लहानपणी तो त्या पावलांशेजारी
आपली पावलं ठेवून बघायचा.
तळं मात्र भरलेलं आहे अजून,
म्हशी डुंबतात.

मकीला आमचं हिंदी कळतं, आम्हाला त्याचं.
"आमचं गोडं पाणी समुद्रात होतं," तो म्हणाला.
त्याचा आजा होडीतून बुडी मारायचा,
तळाशी झऱ्याच्या तोंडाला पखाल लावायचा,
खाऱ्याच्या पोटातून गोडं भरून आणायचा.
"झरे आटले. पखाल होती बरीच वर्षं,
मग उंदरांनी खाल्ली."

सोवानने बाटली उघडली
आणि घोटभर पाणी रांजणाच्या जागी ओतलं.
मकीने हटकायला हवं होतं.
तो रस्त्याकडे बघत राहिला.
चुन्याने ते धरलं थोडा वेळ,
अगदी थोडा,
त्यात एक विमान दिसून गेलं.

सोमवारी नकाशा भरताना
रस्त्याकडेचे अकरा उंचवटे आले.
थडगी आहेत ती, मकीने दाखवली होती,
आमच्या यादीत त्यांना शब्द आहे: अडथळा.
मी तो खोडला.
त्याजागी काय लिहावं, विचारायला वळलो
तर सोवान फोनवर, आईशी.
मध्येच तुक म्हणत होता, पुन्हा तुक.
मी मनातल्या मनात सगळं संस्कृत चाळलं.

तुक म्हणजे?
पाणी, तो म्हणाला. तळं पायरीला टेकलंय.

हा शब्द काही जुळला नाही.