कस्र

सोहारच्या इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात
पहिल्याच आठवड्यात शिकले तो शब्द.
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, म्हणाले, कस्र,
आणि जिन्यावरून पडलेल्या शम्साबाईने
मनगट छातीशी आणखी घट्ट धरलं.
कस्र म्हणजे मोडलेलं.
मला मात्र मिरजेतलं शिलाई मशीन ऐकू आलं.

आई म्हणायची, काटकसर.
म्हणायची कमीच, शब्दही जपून वापरायची.
पाऊण मीटरात ब्लाऊज बसवायची,
उरल्या चिंधीची नाडी, नाडीतून उरलं त्याचे गोंडे.
त्यातली काट आमचीच, तिच्या कात्रीतली.
कसर इथली.
कुठल्या गलबतातून उतरली,
की कुणा कारकुनाच्या फारसी दफ्तरातून, कोण जाणे.
आली आणि मोडलेपण विसरून
संसाराला लागली.

अगदीच विसरली नाही.
ताप उतरल्यावर अंगात राहते ती कसर.
ट्रंकेतल्या शालूला लागते तीही कसर
(ती किड्याची वेगळी असेल,
एका नावाच्या दोघी असतातच की गावात).
आणि विमानतळावर मी म्हणाले होते,
दोन वर्षांत सगळी कसर भरून काढीन.
सातवं चालू आहे.

खल्फान, आमचा दुभाषा, मुलीची वही दाखवतो:
अपूर्णांकांनाही म्हणे कुसूर.
रेघेच्या वर एक, खाली चार.
मला समजावून सांगायला नको.
पगारातले तीन वर जातात, घरी.
खालच्या एकात मी:
एक टी-बॅग दोनदा,
टूथपेस्टची नळी मधोमध कापून,
फोन फक्त औषधांच्या दुकानाबाहेर, त्यांच्या फुकट वायफायवर.
हिशोब बैशापर्यंत, दशांशचिन्हानंतर तीन घरं.
भाचीचं बारसं कुठल्या घरात लिहू?

प्लास्टरला इथे जबीरा म्हणतात.
जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं, खल्फान सांगतो.
तोही आला होता आमच्याकडे, जबर होऊन.
जबर मार. जबर ताप. जबर व्याज.
सांधणं तेवढं वाटेत कुठेतरी पडलं.

सहा आठवड्यांनी शम्साबाईचं प्लास्टर कापलं.
आतून निघालं बारीक, फिकट मनगट,
दुसऱ्याच कुणाचं वाटावं असं.
तिने एका रुमालाची गाठ सोडली,
माझ्या ओंजळीत खजूर ओतले,
रुमाल झटकला, चार घड्या घातल्या
आणि परत स्वतःच्या पिशवीत ठेवला.

मी हसले. न राहवून म्हणाले, काटकसर.
तिला अर्धाच शब्द कळला.
ला, ला, म्हणाली,
आणि मनगट गोल फिरवून दाखवलं मला,
सावकाश, दोनदा.