पिवळ्या रेडियममध्ये

गणपती पेठेत नंबरप्लेटा कापतो मी.
चौगुल्यांची सुनीती आली, काखेत कीबोर्ड,
हातात वहीचं पान:
"काका, एकतीस अक्षरं. पिवळ्यात."

कुठली गं ही लिपी?
"कुठलीच नाही. माझी."

मशीनला काही उमजेना.
ब्लेडनंच कापत बसलो, नखाएवढी.
एक वाकडं, मुडपलेल्या करंगळीसारखं,
एकात दोन बोटं चिकटलेली,
आणि हात थांबला माझा.
हळदीच्या सौद्यात
रुमालाखाली तिचे बाबा
असंच बोलायचे भाव,
चेहरा कोरडा ठेवून.

मी काही म्हणालो नाही.

एकेक बटण पुसून चिकटवत गेलो.
इंग्रजी अक्षरं खाली दबली, बिनतक्रार.
एंटर उरला.
यावर काय?

"काही नको," ती म्हणाली,
"तिथं रुमाल काढतात."