ओळखीची पाटी

रात्री एक ते चार, दोन लेन बंद.
नारिंगी शंकू, गरगरणारा पिवळा दिवा,
आणि माझ्या व्हॅनमध्ये मागे
इस्पितळाच्या दोनशे चादरी, अजून कोमट.
लॉस एंजेलिसमध्ये थांब असं कुणी म्हणत नाही.
आज म्हणालं, म्हणून वर पाहिलं.

सान पेद्रोची पाटी उतरवत होते.

तीच. हिरवी. डाव्या कोपऱ्यात
कुणीतरी कधीतरी झाडलेल्या गोळीचं भोक,
खालच्या कडेला धुराची काळी झालर,
आणि अक्षरांत ठोकलेली काचेची बटणं.
दिवसा ती मळकी, बाजारातल्या शिळ्या माशाचे डोळे.
रात्री गाडीचा दिवा पडला की मात्र
अक्षर ठिपक्याठिपक्यानं जागं व्हायचं,
अंधारात कुणी आठवत आठवत
नाव सांगावं तसं.

'ओ'मधली तीन बटणं गळालेली.
मागच्या सीटवरून मी ती मोजायचे.
पापा म्हणायचा, दात पडलेत त्याचे,
तरी हसतोय बघ.

पापा, म्हणजे अन्सेल्मो, एकाहत्तर साली आला,
शाळेची पायरी न चढलेला.
मावसभावाच्या ट्रकमध्ये पुढे बसला
आणि सगळं शहर
मुक्यासारखं हातवारे करत अंगावरून गेलं.
मग ही पाटी.
गावच्या चर्चच्या दारावर कोरलेलं नाव,
तेवढंच त्याला ओळखू यायचं,
अक्षरं म्हणून नाही, चेहरा म्हणून.
किल्ल्या सांभाळणारा त्याचा संत
इथे आठ लेनच्या डोक्यावर टांगलेला,
बाणानं खाली दाखवत.
पापानं टोपी काढली.
अरे, बंदर आहे ते, मावसभाऊ म्हणाला.
असू दे, पापा म्हणाला.

ज्यांना पाटी-पेन्सिल मिळते त्यांना मिळते.
त्यानं मांडीवर बोटानं गिरवलं,
ताशी साठ मैलांच्या वेगात.
आठ अक्षरं एका पाटीनं दिली,
उरलेली अठरा इतर रस्त्यांनी.
'क्यू' सगळ्यात शेवटी,
कुठे, ते त्याला आठवत नाही.

क्रेननं पाटी आडवी केली.
केवढी मोठी निघाली!
माझ्या स्वयंपाकघरात मावली नसती.
मागे कबुतराचं घरटं, कुणाचा तरी सॉक्स.
शंकूंजवळचा पोरगा काचेशी आला,
हेल्मेटवर नाव होतं होविक.
वीस मिनिटं लागतील, म्हणाला.
हिचं काय करणार?
वजनावर जाईल. अ‍ॅल्युमिनियमला भाव बरा आहे.
मग जरा घुटमळला,
मयताच्या घरी विचारतात तशा आवाजात म्हणाला,
ओळखीची होती?

मला नीट उत्तर देता आलं नाही.
एक बटण मागितलं.
नियमात बसत नाही, म्हणाला,
आणि खरंच दिलं नाही.

रविवारी पापाला घेऊन निघाले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नकार.
आधीच सांगून ठेवलं, वाईट वाटून घेऊ नकोस,
नाव तेच आहे, बाण तोच आहे.
नवी पाटी दुरूनच झळाळत आली,
एकसारखी, गुळगुळीत,
कुठूनही पाहा, तेवढीच.

सान पेद्रो, पापा म्हणाला.
अर्ध्या मैलावरून.
मग पुन्हा, मोठ्यानं.

म्हणजे तुला दिसतंय?
आत्ता दिसतंय. जुनी तर
पाच-सहा वर्षं दिसतच नव्हती.
मग दर वेळी म्हणायचास ते?
ते होय? पाठ होतं.

फिरव परत, म्हणाला.
एक्झिट घेतला, पुलाखालून वळले,
पुन्हा त्याच लेनला लागले.
तो वाचत होता, काचेवर नाक टेकवून,
पहिलीतल्या पोरासारखा, एकेक अक्षर सुटं.
मी नव्या 'ओ'मध्ये
ती तीन भोकं शोधत होते.

पुढे बघ, पापा म्हणाला,
गाडी चालवतेस ना?