शोधा आणि बदला

सोलशी माझं भांडण झालं बेकरीच्या रांगेत,
साल्तो गावात, एका शनिवारी, सगळ्यांसमोर.
तिच्या विगबद्दल मी लिहिलं होतं.
चांगलंच लिहिलं होतं, म्हणजे मला तसं वाटलं होतं:
की वारा सुटला, एका हातात विग, एका हातात पिशवी,
आणि दोन्हीतलं एक सोडायची वेळ आली
तेव्हा तिने संत्री सोडली नाहीत.

ती म्हणाली, ‘माझं आयुष्य काय तुझं परसदार आहे,
रोज येऊन काहीतरी खुडून न्यायला?’
मागे उभा असलेला वॉशिंग्टन, काखेत थर्मास,
एकदम छताकडे बघायला लागला.

घरी आले. बूटही काढले नाहीत.
अकरा वर्षांच्या नोंदी,
पार्सल ऑफिसातून आल्यावर
ताटातलं गार होऊ देत लिहिलेल्या.
वाचणारे रोजचे सरासरी नऊ.
त्यातली चार यंत्रं असतात, असं नाहुएल म्हणतो.
नाहुएल माझा भाचा. त्याला सगळं माहीत असतं,
कुणी विचारलं नाही तरी.
त्यानेच दाखवलं होतं ते अवजार:
वरच्या चौकटीत जुना शब्द,
खालच्या चौकटीत नवा,
आणि ‘सगळीकडे’वर टिचकी.

वर लिहिलं, सोल.
खाली लिहिलं, ती बाई.
रागाने म्हणा, किंवा तिचंच ऐकून;
त्या रात्री दोन्हींत फार फरक नव्हता.

तीन हजार बेचाळीस जागी बदल झाला,
हिरव्या अक्षरांत आलं, शाबासकी दिल्यासारखं.
तीन हजार?
इतकं काही मी तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं.

सकाळी उघडून बघते तर
ती बाई आज उशिरा उगवली.
ती बाई नदीपलीकडे अर्जेंटिनात बुडाली.
चादरी ती बाईत वाळत घातल्या.
जानेवारीची दुपार, डोक्यावर ती बाई,
रस्त्यावर कुत्रंही नाही.
डॉक्टर म्हणाले, हाडांसाठी
रोज वीस मिनिटं ती बाई घ्या.

आमच्या भाषेत सूर्याचं नाव सोलच.
मला हे जन्मापासून माहीत आहे.
अवजाराला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एवढ्यावर भागलं नाही.
‘सोलो’ म्हणजे एकटा: सुरुवातीलाच ती.
‘सोलेदाद’ म्हणजे एकाकीपण: तिथेही ती.
‘कोन्सोलार’, सांत्वन करणे: बरोबर मधोमध.
आई गेली तेव्हाची नोंद, जी मी
पुन्हा कधी उघडली नव्हती,
तिच्यात ती बाई सात ठिकाणी
शब्दांच्या पोटात मांडी घालून बसलेली.

मागे फिरायचं बटण नाही.
पुढच्या आवृत्तीत येईल, म्हणतो नाहुएल.
तोवर हातानेच. रोज तीस-चाळीस,
कांदे सोलावेत तसे; डोळ्यांना पाणी येतं,
त्याचा काही अर्थ काढू नये.
सूर्य उचलून सूर्याच्या जागी ठेवते.
एकाकीपण पुन्हा सांधते, अखंड.
विगची नोंद मात्र काढूनच टाकली.
संत्र्यांचं वाईट वाटलं.

काल एका जुन्या जुलैपाशी पोहोचले.
त्या दिवसाची एकच ओळ आहे:
‘आठवडा झाला, ती बाई दिसली नाही.
घरात काय गारठा.’

त्या जुलैत पाऊस हटत नव्हता, हे आठवतं.
त्याच जुलैत तिला मोन्तेविदेओच्या इस्पितळात
नेलं होतं, हेही.
कर्सर लुकलुकत राहिला. चहा केला, प्यायले, परत आले.
तो तिथेच.

हवामानाचे जुने आकडे मिळतात,
नाहुएल म्हणतो, दिवसवार, दोन मिनिटांत कळेल.
कळत असेल.
मी अजून बघितलेलं नाही.
शनिवारी बेकरी सातला उघडते.