गळती ऐकणारा

शेषराव हेडाऊची नोकरी कानाची.
गल्ली झोपली की तो निघतो,
खांद्यावर पाच फुटी लोखंडी गज,
गजाच्या टोकाला पितळी वाटी,
वाटीला कान.
खाली डांबर, डांबराखाली माती, मातीखाली पाईप.
चालतं पाणी गुणगुणते, तो सांगतो,
निसटतं पाणी कुजबुजते.
"एवढाच फरक. शिकायले मले अकरा वर्षं लागली."

नवतपाचे दिवस. नाईक तलावामागची गल्ली.
रात्री दोनलाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
तीन रात्री झाल्या, हिशेब जुळत नाही:
टाकीतून सुटतं ते आणि घरोघरी पोचतं ते,
मधले सहा टँकर रोज बेपत्ता.
आणि सहाच टँकर रोज येतात या गल्लीत,
हॉर्न वाजवत.
शेषराव गज टेकवतो. कान लावतो.
ऐकू येतात कूलर.
खिडकी-खिडकीत एक, ताट्या भिजवत, घरघरत.
कूलर पाणी पितो असंच म्हणतात इथे,
आणि पितोही, नळाचंच,
माणसाच्या आधी.

चौथ्या रात्री पावणेतीनला लाईन गेली.

अख्ख्या पेठेची.
पंख्यांची पाती दमत दमत थांबली,
कूलरांनी उसासा टाकला,
मग खिडक्यांतून शिव्या:
विजेच्या साहेबाला, साहेबाच्या सासऱ्याला.
पोट्टे रडायला लागले, म्हातारे ओट्यावर आले,
आणि शेषराव रस्त्यात गुडघ्यांवर बसला,
सुईण पोटुशीच्या पोटाला कान लावते तसा.
"चूप," म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही,
पण गल्ली चूप झाली.

स्स्स्स.

चंद्रकला पौनीकरांच्या उंबऱ्यापासून तीन हात,
त्यांच्या कडुनिंबाखाली.
तोच कडुनिंब, मे महिन्यात असा हिरवा
की लोक विचारायचे, खत कोणतं घालता.

"पायाखालून जाऊन राह्यलं होतं, बाप्पा?
अन् मी याच्याच सावलीत ड्रम घेऊन
टँकरची वाट पाहात होती!"

सकाळी खणलं. बोटभर भेग.
पेंचच्या जंगलातून कालव्यानं आलेलं पाणी,
वाटेत एखाद्या वाघानं जीभ लावली असेल असं,
गोरेवाड्याला विसावलेलं,
तुरटीनं निवळलेलं, वाळूतून गाळलेलं,
पंपानं ढकलत टाकीवर चढवलेलं,
एवढं शिकलंसवरलं पाणी
घर तीन हातांवर असताना
गटारात उतरत होतं.

आणि नळाची वेळ संपली की
हीच भेग उलटा श्वास घ्यायची,
गटाराचा.
मागच्या पावसाळ्यात गल्लीत सात जणांना कावीळ.
दोष लागला पाणीपुरीवाल्या रामसजीवनला.
त्याची गाडी उलटवली होती पोरांनी.
तो कुठे गेला, खड्ड्याभोवती उभ्या कुणालाच
सांगता येईना.
एकजण म्हणाला, कामठीकडे असेल.
मग कुणी बोललं नाही.

क्लॅम्प बसला. माती लोटली.
दुसऱ्या दिवशी टँकर आला तो सवयीनं.

कडुनिंब आता बाकीच्या कडुनिंबांसारखा आहे,
धुळीचा, जरा चिडका.
पौनीकरबाई त्याला तांदळाचं धुवण घालतात,
भाजीचं घालतात, साबणाचं नाही.
दुपारी कूलर तासभर बंद ठेवतात,
ओली चादर दाराला टांगतात,
आणि शेजारीण हसली तर
हसू देतात.

शेषरावची बायको म्हणते, जगाचं ऐकता, माह्यं तेवढं नाही.
त्यावर तो काही म्हणत नाही.
रात्री फेरीत त्या झाडाशी मात्र थांबतो,
गज टेकवतो, श्वास धरतो,
मग वहीत तारीख, वेळ, आणि पुढे:
काही ऐकू आलं नाही.
पुन्हा एकदा कान लावतो.
मग सही.