एक वाटाणा

ओंडका ओकचा, तालिवाल्डिसच्या दोराला बांधलेला,
वजनाला दोन माणसांएवढा, हट्टाला तीन.
वर्षातला सगळ्यात आखूड दिवस;
साडेतीनलाच सूर्यानं दुकान आवरलं
आणि आम्ही निघालो दारोदार.
मी अस्वल: आजोबांचा उलटा केलेला कोट,
तोंडाला काजळी.
मागे एक करकोचा, आणि एक मरण,
पांढऱ्या चादरीत, सारखं शिंकणारं.

रीत सोपी आहे.
ओंडका अंगणात आला की घरानं बाहेर यावं,
वर्षभराची इडापिडा त्याच्यावर टाकावी.
वाल्फ्रिड्सनं गुडघा टाकला,
शाळेच्या बाईंनी बँकेचं पत्र,
आर्निताकडे नवराबायकोनं
एकमेकांकडे बोट दाखवलं आणि हसले.
लाकूड जड होत गेलं,
किंवा बर्फ ओला.

शेवटचं घर म्हाताऱ्या झेल्माचं.
गुंटार्स आयर्लंडला गेला त्याला सहा वर्षं,
अळिंबीच्या शेडमध्ये.
पहिली दोन वर्षं फोन यायचा.
सगळे तिच्या हातांकडे बघत राहिलो.
"टाकण्यासारखं काही नाही माझ्याकडे," ती म्हणाली.
"आत या. वाटाणे गार होतायत."

राखाडी वाटाणे, वर कांदा
आणि खारवलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे.
आमच्यात म्हणतात,
ताटात उरेल तो एकेक वाटाणा
येत्या वर्षाचा एकेक अश्रू.
म्हणून आम्ही भांडं खरवडून खातो.
मरणानंसुद्धा चादर वर करून बोटं चाटली.

मी अस्वल, म्हणून खाली, चुलीशी.
तिथून दिसलं:
झेल्मानं सगळे खाल्ले,
एक ठेवला.
पाव फिरवून ताट लख्ख केलं
त्याच्या भोवतीनं,
मूल झोपलेलं असताना
खोली झाडावी तसं.

रात्री टेकडीवर ओंडका पेटला.
गुडघा जळाला, पत्र जळालं,
कुणीतरी ओरडलं, उद्यापासून दिवस वाढणार,
कोंबड्याच्या एका पावलाएवढा!
सगळ्यांनी पाय उचलून ते पाऊल टाकून दाखवलं,
बिअर सांडली.

झेल्मा हात शेकत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.
बराच वेळ जाळाकडेच बघत होती.
मग म्हणाली,
"अस्वलांना बोलता येत नाही.
ठाऊक आहे ना?"

मी मान हलवली.