जुना कर्नल

रहिमतपूरच्या दूध संकलन केंद्रात
मी तीन रात्री दुसरंच संकलन करत होते.
सोर्स कोडपासून उभी करायची होती अख्खी सिस्टीम,
विकतचं दही नको, विरजण आपलं,
असा एक हट्ट.

बुधवारी, पावणेदोनला, मशीन बंद करून चालू केलं.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, धावली,
आणि एका जागी अशी थांबली
जशी म्हैस पान्हा चोरते.

मूळ कुठं आहे? मशीननं विचारलं.
मूळ म्हणजे ती डिस्क, जिच्यात सगळं:
अकराशे चाळीस खाती, फॅट, डिग्री,
दर दहा दिवसांचं बिल.
मी नाव टाइप केलं. नाही म्हणालं.
दुसरं टाकलं. नाही.
मग नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं,
बाबा, तूच सांग, तुला काय काय दिसतंय?
यादी आली. रिकामी.

केबल काढली, फुंकर मारली, परत लावली.
फुंकर म्हणजे आमच्या धंद्यातला अंगारा.

सव्वातीनला हवालदार निकम डोकावले.
अपशिंग्याचे. एकवीस वर्षं फौजेत, आता गेटवर.
"काय झालं, बागवानबाई?"
"कर्नल उठतोय, पण त्याला डिस्क दिसंना."
ते नकळत ताठ झाले.
मी सांगितलं, तो कर्नल नव्हे हो,
हा मशीनचा गाभा, सगळ्यांच्या आधी जागा होणारा.
"मग तोच की," म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

"आमच्याकडं एका साहेबानं नावांची यादी छाटली.
लई लांबलीय म्हणून.
त्यात खेचरवाला उडाला.
आम्ही वर, रेशन पायथ्याला,
मधी बारा खेचरं नुसती उभी.
साहेब दुर्बिणीतनं बघतोय,
म्हणतोय, रेशन दिसंना."

मी हसले.
मग हसायची थांबले.

सोमवारी रात्री मीही यादी छाटली होती.
कर्नल हलका व्हावा म्हणून
ज्या ज्या ओळी ओळखीच्या वाटल्या नाहीत
त्या पुसत गेले होते, टेप, मोडेम,
कुठल्या कुठल्या बुडालेल्या कंपन्यांची कार्डं,
आणि त्यांच्याच रांगेत, मान खाली घालून बसलेला
आमच्या डिस्कचा ड्रायव्हर.

नवा बसवताना जुना कर्नल पुसत नाहीत,
शेजारी ठेवतात. हे मला माहीत होतं.
पण अडचणीत माहीत असलेलं आधी आठवत नाही,
आधी फुंकर आठवते.

सुरुवातीचा मेनू. जुन्याचं नाव. एंटर.
अक्षरं पुन्हा धावली, त्या जागी आली,
अडखळली
आणि पुढं गेली.

निकम काही बोलले नाहीत. चहा टाकायला उठले.

पाचला पहिली किटली आली, धामणेरहून.
कलावती शेडगे, म्हैस, साडेतीन लिटर, फॅट सहा पॉइंट नऊ.
पावती उजेडात धरून त्या म्हणाल्या,
"काल सात हुतं. मशीन बघा की जरा."

दुपारी नव्यानं विरजण लावलं.
ती ओळ होती तिथं परत लिहिली,
आणि तिच्या डोक्यावर एक शेरा,
मशीन जो वाचत नाही, पुढचा माणूस वाचेल:
ओळखत नसलात तरी पुसू नका.
आधी विचारा. निकम, गेट.